कानस आणि खोडरबर

२ जानेवारी

धाकट्या,

या पत्रांतून मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: मी बोलू शकते.

विधान तुला विनोदी वाटेल. जिने उभी हयात कायद्याच्या विद्यार्थ्यांना वादविवाद शिकवण्यात घालवली, समोरच्याचा मुद्दा पुसून टाकते म्हणून विद्यार्थी जिला पाठीमागे ‘खोडरबर’ म्हणत, त्या तुझ्या बहिणीने आपल्याला बोलता येते हे सिद्ध करायला बसावे, यात काहीतरी उलटेपालटे आहे हे मलाही दिसते. म्हणून आधी वस्तुस्थिती सांगते.

गेल्या जूनमध्ये माझ्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. बुद्धी शाबूत राहिली. शब्द डोक्यात आपापल्या जागी उभे होते. तिथून जिभेपर्यंतचा रस्ता तेवढा बंद झाला होता. डॉक्टर या प्रकाराला एक लांबलचक नाव देतात. लिहिता मात्र येत होते, तेही डाव्या हाताने. हे पत्र त्याच हाताचे आहे, तेव्हा अक्षरावर शेरा नको.

यावरून तुला जुलैतल्या तुझ्या फोनचा उलगडा व्हावा. तुझ्या निवृत्तीच्या समारंभात तू हाताखालच्या इंजिनियरांपुढे म्हणालास, “मी कधी कोणाचं ऐकलं नाही, म्हणून इथवर पोचलो.” मी तिथल्या तिथे हात वर करून हरकतीचा मुद्दा मांडला आणि तुझे ते वाक्य खोडून काढले. त्यावर तू वर्षभर अबोला धरलास. मग जुलैत आपण होऊन फोन केलास. “ताई, जाऊ दे. झालं गेलं. बोल काहीतरी.” मी बोलले नाही. “एवढा राग, ताई?” तू विचारलेस, आणि जरा वाट पाहून फोन ठेवलास.

तो राग नव्हता. मी रिसीव्हर कानाशी धरून ‘धाकट्या’ हा शब्द जुळवत होते. त्यातला ‘ध’सुद्धा बाहेर पडला नाही.

तेव्हाच का कळवले नाही, असे तू विचारशील. कळवण्याजोगे काही निश्चित झालेले नव्हते, हे त्याचे उत्तर. अर्धवट निकाल मी कधी जाहीर करत नाही.

आता तू तिथे परदेशात विमानाचे तिकीट काढायला धावशील. धावू नकोस. मी बरी आहे.

तुझी ताई

ता. क. माझ्या वाचेचे श्रेय एका रॅपर मुलीकडे जाते. हसायचे असेल तर आत्ताच हसून घे.


१९ जानेवारी

धाकट्या,

तुझा निरोप पोचला. “ताई, फोन उचल.” तीन शब्द, त्यांत एक आज्ञा आणि युक्तिवाद शून्य. फोन वाजतो तो मला ऐकू येतो. कानांत दोष नाही. मी तो उचलत नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनाही उचलू देत नाही.

या शिंपीणबाई जूनपासून माझे सगळे बघतात. मनाच्या मोठ्या आहेत. त्यांचा एकच दोष: माझे वाक्य त्या पुरे करतात. मी ‘पा’ म्हटले की त्या धावत जाऊन पाणी आणतात. मला पाकीट हवे असते. ‘पा’ म्हणण्यात सगळे बळ खर्च झालेले असते, म्हणून मी मुकाट्याने पाणी पिते. एखाद्याला गप्प बसवण्याचे अनेक मार्ग मी विद्यार्थ्यांना शिकवले. त्यांत हा सर्वांत प्रेमळ मार्ग मला ठाऊक नव्हता.

आता रॅपरविषयी. स्पीच थेरपिस्ट बाईंनी ऑगस्टमध्ये सुचवले, “कधीकधी बोलता येत नाही, पण गाता येतं. ठेक्यावरचे शब्द दुसऱ्या वाटेनं येतात. आवडतं गाणं सांगा एखादं.”

मी पाटीवर लिहिले: मी गात नाही.

“शाळेतली कविता?”

‘नाही.’

“अहो, न्हाणीघरात तरी काही गुणगुणत असाल?”

मी लिहिले: न्हाणीघरात मी विचार करते.

बाईंचा धीर सुटत चालला होता. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. रिंगटोन म्हणून एका बाईचा आवाज होता, लोखंड घासावे तसा खरखरीत:

*थांब, माझं झालं नाही, पुढचा मुद्दा दारात आहे,*
*श्वास घ्यायला थांबले मी, तुला वाटलं हरत आहे!*

दोन ओळींत एक दावा, प्रतिपक्षाचा एक गैरसमज आणि त्याचे खंडन. शिवाय ‘थांबले मी’नंतर तिने खरोखरच श्वास घेतला होता, ऐकू येईल असा. आपल्या विधानाचा पुरावा विधानातच देणारा वक्ता मला फार क्वचित भेटला आहे. मी डाव्या हाताने खूण केली: पुन्हा लावा.

तिचे नाव कानस. ती आधी किल्ल्या बनवण्याच्या दुकानात किल्ल्यांचे दाते घासायची, नाव त्यावरून पडले. मी तिच्यामागे रोज टेबलावर ठेका धरू लागले. एका मंगळवारी तोंडातून ‘थांब’ निसटला. मग अख्खे ‘माझं झालं नाही’. थेरपिस्ट बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, “बाई, तुम्ही पहिलंच वाक्य दमदाटीचं बोललात!”

त्यानंतर मी रीतसर चाहती झाले. तिची सगळी गाणी मला पाठ आहेत. तिचा दुसरा संग्रह पहिल्यापेक्षा दुबळा आहे असे म्हणणाऱ्या दोन समीक्षकांना मी सविस्तर पत्रे लिहिली. एकानेही उत्तर दिले नाही, ते देता येणारच नव्हते. कायद्याच्या ग्रंथांच्या कपाटावर तिचे भित्तिपत्रक लावले आहे. तिच्या नावाची लोकरी टोपीही घेतली. थंडी वाजते, असे शिंपीणबाईंना सांगितले आहे.

आता मुख्य प्रस्ताव. ७ फेब्रुवारीला कानसचा कार्यक्रम इथल्या सभागृहात आहे. कार्यक्रमाआधी दुपारी ती पटांगणात चाहत्यांना भेटते. मी जाणार आहे आणि तिला एक वाक्य म्हणणार आहे: “तुमच्या गाण्यामुळे मी पुन्हा बोलू लागले, याबद्दल मी तुमची ऋणी आहे.” अनोळखी माणसापुढे, ठेक्याशिवाय आणि कोणीही मधे शब्द न पुरवता. वाक्य पुरे झाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला फोन करीन. न झाल्यास आपला व्यवहार यापुढे कागदावरच राहील, आणि तू ते मान्य करशील.

तुझी ताई


२८ जानेवारी

धाकट्या,

तुझे पत्र मिळाले. त्यातला आक्षेप मी जसाच्या तसा उतरवते: “परीक्षा तू ठरवलीस, पेपर तूच देणार, गुण ती रॅपर देणार आणि नापास झालीस तर बहीण गमावायची मी? मी काय केलं?”

आक्षेप चांगला आहे. सोळा वर्षांचा असतानाही तू नेमका असाच, कंबरेवर हात ठेवून, मला अडवायचास. मी त्याचे उत्तर देणार नाही.

एवढेच सांगते. आईवडील गेल्यानंतर त्या दोन खोल्यांत मी रात्री माझी व्याख्याने मोठ्याने घोकायचे आणि तू तुझ्या खोलीचे दार मुद्दाम उघडे ठेवायचास. मला वाटे, तुला झोप येत नाही. नंतर तूच म्हणालास, “ताई, तुझा आवाज चालू असला की घरात कोणीतरी मोठं आहे असं वाटायचं.” तो आवाज आता नाही. जो आहे तो ‘पा’पाशी अडतो. शिवाय वाट बघणे तुझ्या स्वभावात नाही. जेवताना माझ्या वाक्याचा शेवट येण्याआधी तुझे ताट उचललेले असे. तेव्हा अटी कायम.

तुझी ताई


८ फेब्रुवारी, पहाट

धाकट्या,

कालचे आज सगळे लिहिते आहे. क्रम सोडणार नाही, कारण क्रम सोडला तर तुझा विश्वास बसणार नाही.

शिंपीणबाई “मी फक्त फाटकापर्यंत येते हं” म्हणत आल्या. फाटकावरच्या रखवालदाराने मला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळले.

“आजी, दातांचा दवाखाना मागच्या गल्लीत.”

“दात शाबूत आहेत त्यांचे!” शिंपीणबाई कडाडल्या. “बघायचेत? जवळ ये!”

त्याने बघितले नाहीत. आम्ही आत गेलो. शिंपीणबाईही, फाटकाचा विषय न काढता.

पटांगणात शंभरेक तरुण मुले-मुली गोल करून उभी होती. या गोलाला ती मंडळी ‘घेरा’ म्हणतात. सगळे टाळ्यांनी ठेका धरतात आणि एकेक जण मधे येऊन यमकात भांडतो. पुढे उभ्या असलेल्या एका मुलीने मला नियम सांगितला: ओळी स्वतःच्याच हव्यात, दुसऱ्याच्या म्हटल्या तर घेरा पाठ फिरवतो. नियम मला पटला. कानसही घेऱ्यातच उभी होती, साध्या करड्या स्वेटरमध्ये, मी मनात धरली होती त्याहून बरीच बुटकी. मी माझे वाक्य मनात घोळवत तिच्या दिशेने सरकू लागले.

तेवढ्यात लाल टोपीचा एक तरुण मधे आला आणि तिच्याकडे बोट करून म्हणाला:

*नाव तुझं कानस, धार तुझी उसनी,*
*दुसऱ्याच्या वहीवर सही तुझी नुसती!*

“ओऽऽ” असा आवाज उठला. तिच्या ओळी ती स्वतः लिहीत नाही, असा हा आरोप. पुरावा कुठलाच नाही.

पुराव्याविना आरोप ऐकला की माझा हात वर जातो. ही माझी इतक्या वर्षांची सवय, आणि ती गुठळीला पुसता आली नव्हती. हात गेला, आणि तोही उजवा, जो जूनपासून खांद्याच्या वर चढत नव्हता. माझ्या लेखी त्याचा अर्थ होता: हरकतीचा मुद्दा, अध्यक्षांनी नोंद घ्यावी. त्या घेऱ्यात मात्र वर गेलेल्या हाताचा अर्थ एकच असतो: पुढची पाळी माझी.

“आजींची पाळी! आजींना जागा द्या!”

मला खुलासा करायचा होता. खुलासा करायला वाचा लागते. पाठीवर चार हात आले, अगदी अदबीने, आणि मी मधे उभी होते.

“अरे यार,” लाल टोपी म्हणाला, “मी आजींशी नाही भांडत.”

“घाबरला! घाबरला!” मागून कोणीतरी ओरडले.

टाळ्या सुरू झाल्या. मजजवळ एक पाठ केलेले आभाराचे वाक्य होते आणि कानसच्या पाठ असलेल्या सगळ्या ओळी. पहिले तिथे गैरलागू, दुसऱ्या निषिद्ध. मी डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला. मला वादात जे पहिले वाक्य सुचायचे तेच सुचले, आणि ते टाळ्यांवर पाय ठेवत बाहेर आले:

*आरोप केलास. पुरावा दे.*
*पुरावा नाही? माघार घे.*

घेरा उसळला. पण माझे झाले नव्हते. तिसरी ओळ डोक्यात तयार उभी होती आणि तिचा पहिला शब्द ‘हिच्या’. ‘ह’ काही केल्या निघेना. ओठ हलले, हवा गेली, आवाज नाही. एकेक टाळी माझ्याशिवाय पुढे जात होती. मागून शिंपीणबाई काकुळतीने कुजबुजल्या, “हिला? हिची? हात दुखतोय का?”

कानसने ओठांवर बोट ठेवले. मला नाही, शिंपीणबाईंना.

“थांबा मावशी,” ती म्हणाली. “त्यांचं झालं नाही.”

आणि तिने टाळ्यांचा ठेका थोडा संथ केला. शंभर जणांनी तिच्याबरोबर तो संथ केला. कोणी शब्द पुरवला नाही, कोणी घड्याळ पाहिले नाही, कोणी कीव केली नाही. ते फक्त माझी जागा धरून उभे राहिले, जणू या घेऱ्यात श्वास घ्यायला वाटेल तितका वेळ मिळतोच. मग ‘ह’ आला:

*हिच्या शब्दांनी जीभ सुटली,*
*साक्षीदार मी. केस तुझी मिटली!*

यापुढचा आवाज मला शब्दांत मांडता येणार नाही, आणि हे मी वाचेच्या दोषामुळे म्हणत नाही. टोप्या हवेत गेल्या. शिंपीणबाई एका मिशाळ तरुणाला मिठी मारून उड्या मारत होत्या. तो कोण हे त्यांना अजून माहीत नाही. प्रामाणिकपणे नोंदवायला हवे की माझा शेवटचा युक्तिवाद सदोष होता: तिच्या शब्दांनी माझी जीभ सुटली यावरून ते शब्द तिनेच लिहिले हे सिद्ध होत नाही. जमावाने हरकत घेतली नाही.

लाल टोपीवाल्याने टोपी काढून हातात घेतली. “आजी, मी नुसता चिडवत होतो हो. माझ्या मित्रांनी हे मोबाइलवर काढलंय. आता घरी आई जेवायला वाढणार नाही.”

“पु... रावा,” मी म्हणाले, “जपून ठेव.”

तो जमिनीवरच बसला हसत.

कानस मला रंगमंचामागच्या खोलीत घेऊन गेली. खोली लहान, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, तारांची भेंडोळी, एका आरशाचा दिवा गेलेला. तिने मला धड खुर्ची दिली आणि स्वतः डुगडुगणारी घेतली. दार लावल्यावर टाळ्या नव्हत्या, ठेका नव्हता. घेऱ्यातला विजय माझ्या अटींत धरता येत नव्हता, कारण तो ठेक्यावर मिळालेला होता. खरी परीक्षा इथे होती. मी हात मांडीवर उताणे ठेवले, म्हणजे ठेका धरण्याचा मोह नको, आणि सुरुवात केली.

“तुमच्या. गाण्यामुळे. मी पुन्हा... बोलू लागले.”

ती केळे सोलत होती. थांबली.

“याबद्दल मी... तुमची...”

‘ऋणी’ हा शब्द निवडणे ही माझी हौस. जिभेच्या रुग्णाने ‘ऋ’च्या वाटेला जाऊ नये. साधे ‘आभारी’ समोर होते, तेही तोंडात येऊ पाहत होते. मी ते मागे लोटले. ठरलेले वाक्य बदलून उत्तीर्ण होणे मला मान्य नव्हते. कानसचे केळे अर्धे सोललेले तसेच हातात होते.

“ऋणी... आहे.”

वाक्य पुरे झाले, धाकट्या. पूर्णविरामासकट.

तिने केळे बाजूला ठेवले. मग नाक पुसून म्हणाली, “आजी, एक सांगू? तो श्वास आहे ना गाण्यात, तो खरा दम लागलेला होता. गोधड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड करत होते, हवाच नव्हती. म्हटलं, गेलं वाया. मग चिडून म्हटलं, थांबले म्हणजे काय हरले? आणि ओळ तिथंच सुचली.”

“म्हणजे... तूच... लिहिलीस.”

“मग काय!”

“केस... आता... मिटली.”

तिचे हसू तिच्या गाण्यासारखेच आहे, किल्लीच्या दात्यांचे. निघताना तिने विचारले, “ते ‘पुरावा नाही, माघार घे’ मला देता? आज म्हणते.”

“श्रेय... दे.”

“देणारच! नाव काय लावायचं?”

मी क्षणभर विचार केला आणि सांगितले.

संध्याकाळी भरल्या सभागृहात तिने माझ्या दोन ओळी म्हटल्या, ठेका तोडला आणि माइक माझ्या रांगेकडे रोखून ओरडली, “ही ओळ खोडरबरची!” सगळे सभागृह ते नाव घेऊ लागले. जे नाव मुलांनी चाळीस वर्षे माझ्या पाठीमागे कुजबुजत घेतले, ते हजार माणसांनी माझ्या तोंडावर, मोठ्याने. मी उभी राहिले आणि हात वर केला. या वेळी सभागृहाला आणि मला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता: खोडरबर मीच.

आता उजाडते आहे. तुझ्याकडे सकाळ होईल तेव्हा फोन करीन.

ताई


८ फेब्रुवारी, दुपार

धाकट्या,

तू म्हणशील, आत्ताच बोललो आणि लगेच पत्र? फोनवरच्या गोष्टींची नोंद राहत नाही.

घडले ते असे. तू उचललास. “हॅलो? ताई?” मागे नळ वाहत होता, भांडी वाजत होती. मी ‘ध’ म्हणाले आणि अडकले. आता तू घाबरशील, किंवा शिंपीणबाईंसारखा शब्द पुरवशील, किंवा ‘राहू दे ताई, त्रास नको’ म्हणशील, या तिन्ही शक्यता मी आधीच मांडून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीला फोन ठेवणे हेच उत्तर ठरवले होते.

तू नळ बंद केलास. बस. पुढे काही नाही. तुझ्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

“धा... कट्या,” मी म्हणाले.

“हं,” तू म्हणालास. “ऐकतोय.”

मग मी तुला घेरा सांगितला, लाल टोपी सांगितली. साधारण जेवढ्या वेळात पूर्वी मी तुझी तीन विधाने खोडली असती तेवढ्या वेळात माझे एक वाक्य होत होते. तू एकदाही मधे आला नाहीस. मधे आलास तो हसायला, तेही योग्य जागी.

“आणि ताई, समारंभातल्या त्या भाषणाचं काय?” तू विचारलेस.

“ते... खोटं... होतं.”

“माहितीये. तुझं ऐकतच मोठा झालो. खरं सगळ्यांसमोर निघालं म्हणून तर चिडलो.”

हे तू कबूल केल्यामुळे तो विषय मी बंद करते. तेवढ्यात तुझ्या बायकोने आतून विचारले, “अहो, कोण आहे एवढा वेळ? कोणी बोलत तर नाहीये!” त्या वेळी मी ‘शिंपीणबाई’ या शब्दाच्या दारात उभी होते, आणि तो शब्द लहान नाही.

तू तिला म्हणालास, “ताई बोलतेय. थांब जरा.”

माझे विधान इथे सिद्ध झाले. माझ्या बाजूने दिलेला कोणताही पुरावा याहून बळकट नाही, कारण हा प्रतिपक्षाने दिला, आणि मी गप्प असताना दिला.

आता एका चुकीची नोंद करते.

माझे तुटक बोलणे ऐकण्याचा धीर तुला नसेल, असे मी गृहीत धरले. हे गृहीतक मी तुला विचारून तपासले नाही. त्याच्या आधारावर मी तुझा फोन महिनाभर वाजू दिला, तुला परीक्षेला न बसवता निकाल तयार ठेवला आणि एका परक्या मुलीला तुझ्याहून अधिक धीराची मानले. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रतिपक्षाची बाजू अशी त्याच्या वतीने स्वतःच मांडून टाकली असती, तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते. गृहीतक चुकीचे होते. चूक माझी, एकटीची, आणि ती मी उजव्या हाताने सही करून मान्य करते.

ताई